सरकारच्या दाराला कुलूप

दुकानाला कुलूप दिसलें तर मालक जेवावयास गेला असें आपण समजतों. घराला दिसलें तर मंडळी लग्नकार्याला गेली म्हणून परत फिरतों. आणि पेढीला दिसलें तर मात्र दोन्ही हात कपाळाला लावून पायरीवरच बसतों. परंतु साक्षात् सरकारच्या दारालाच कुलूप दिसलें तर मनुष्यानें काय समजावें? राज्यावर परचक्र नाहीं, देशांत दुष्काळ नाहीं, राज्यकर्ते धडधाकट असून रोज वर्तमानपत्रांतून एकमेकांना चार शब्द सुनावीत आहेत, आणि तरीहि कचेऱ्यांच्या दारांवर ‘बंद’ अशी पाटी झुलत आहे, हें दृश्य पाहण्याचा योग अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नागरिकांना गेल्या पंचेचाळीस वर्षांत अनेकदां आला आहे. तिकडे या प्रकाराला जें नांव आहे त्याचें मराठी करावयाचें तर ‘सरकारी टाळेबंदी’ असें करावें लागेल. कारखानदार मजुरांवर टाळेबंदी करतो हें आपण जाणतों. येथें सरकार स्वतःवरच टाळेबंदी करतें, एवढाच फरक.

यांपैकीं २०२५ सालची टाळेबंदी त्या वेळपर्यंतच्या सर्वांत दीर्घ ठरली. १ ऑक्टोबरला लागलेलें कुलूप १२ नोव्हेंबरला निघालें. दिवस भरले ४३. योगायोग असा कीं, तो १ ऑक्टोबर म्हणजे आपल्या पंचांगांतील खंडेनवमीचा दिवस. त्या दिवशीं आपणहि हत्यारें-अवजारें खालीं ठेवून त्यांची पूजा करतों. परंतु दुसऱ्या दिवशीं दसरा येतो, आणि सोनें लुटून आपण तीं पुन्हां उचलतों. अमेरिकेच्या सरकारनें खंडेनवमी मनोभावें पाळली. दसरा मात्र त्याला सहा आठवडे सांपडला नाहीं. मध्यंतरीं दिवाळी येऊन गेली, कार्तिकी एकादशीला चार महिने निजलेले देवहि उठले, तुळशीचीं लग्नें लागलीं; पण वॉशिंग्टनची निद्रा कांहीं मोडेना.

किल्ल्या तीन, कोठी एक

या प्रकाराचें मर्म समजून घेण्यास अर्थशास्त्राच्या ग्रंथांपेक्षां एकत्र कुटुंबाचा अनुभव अधिक उपयोगी पडेल. कल्पना करा कीं, एका जुन्या वाड्यांत धान्याच्या कोठीला तीन कुलुपें आहेत. दोन किल्ल्या दोन जावांच्या कमरेला, आणि तिसरी मामंजींच्या जानव्याला. तिन्ही किल्ल्या लागल्याखेरीज एक दाणा बाहेर यावयाचा नाहीं. नव्या वर्षाचा पहिला दिवस उजाडतो. एक जाऊ म्हणते, ‘‘आजारी माणसांच्या औषधाची तरतूद आधीं करा, मग मी किल्ली लावतें.’’ दुसरी म्हणते, ‘‘आधीं कोठी उघडूं द्या, औषधाचें मागाहून पाहूं.’’ मामंजी म्हणतात, ‘‘परसाला भिंत घालून द्याल तरच मी जानवें पुढें करीन.’’ तिघेंहि हट्टाला पेटतात, आणि चुलीवर आधण ठेवून बसलेली स्वयंपाकीणबाई बिचारी कोठीच्या दाराकडे पाहत राहते.

यांत अतिशयोक्ति आहे असें ज्यांस वाटेल त्यांनीं तपशील पाहावा. दोन जावा म्हणजे तिकडच्या काँग्रेसचीं दोन सभागृहें (या काँग्रेसचा आपल्याकडील पक्षाशीं संबंध केवळ नांवापुरता), आणि मामंजी म्हणजे राष्ट्राध्यक्ष. २०१३ मधील तंटा आरोग्यविम्याच्या कायद्यावरून झाला. २०१८-१९ मधील मेक्सिकोच्या सीमेवर घालावयाच्या भिंतीवरून. आणि २०२५ मधील पुन्हां आरोग्यविम्यासाठीं मिळणाऱ्या सरकारी साहाय्यावरून. तेव्हां औषध आणि भिंत या दोन्ही गोष्टी आमच्या कल्पनेंतल्या नाहींत.

तिकडील सरकारचें आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतें. तत्पूर्वीं खर्चाचीं बारा विधेयकें संमत व्हावयास हवींत. हल्लींची पद्धति १९७४ च्या कायद्यानें ठरली. परंतु तेव्हांपासूनच्या सुमारें अर्धशतकांत सर्व विधेयकें वेळेवर संमत झालीं अशीं वर्षें अवघीं चार. एरव्हीं आठ-पंधरा दिवसांचे किंवा महिन्या-दोन महिन्यांचे तात्पुरते ठराव करून वेळ मारून न्यावयाची. म्हणजे शेजारणीकडून रोज वाटीभर साखर उसनी आणून संसार चालवावयाचा. आणि जेथें तेंहि जमत नाहीं, तेथें कुलूप.

या कुलुपाचा इतिहासहि मौजेचा आहे. मंजुरीवांचून खर्च करूं नये, इतकेंच नव्हे, तर मंजुरीवांचून कोणाची फुकट सेवाहि घेऊं नये, असा निर्बंध तिकडे १८८४ पासून आहे. परंतु जवळजवळ शंभर वर्षें तो कोणीं फारसा मनावर घेतला नव्हता. मंजुरीस उशीर झाला तर कचेऱ्या हात आंखडून चालतच राहत. पैसे आज ना उद्यां येतीलच, हा भरंवसा. १९८० मध्यें ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनीं अभिप्राय दिला कीं, कायद्याचा शब्द म्हणजे शब्द. मंजुरी नसेल तर कचेरी बंदच केली पाहिजे. एका विद्वान् वकिलानें कायदा नीट वाचतांच सरकार बंद पडूं लागलें. यावरून कायदे फार बारकाईनें वाचूं नयेत, असा बोध कोणीं घेतल्यास आमचा नाइलाज आहे.

भांडणाचीं कारणें सदैव भिंतीइतकीं भक्कम असतात असेंहि नाहीं. १९८२ मध्यें मुदत संपली त्या वेळीं राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्याकडे काँग्रेसच्या सभासदांना मेजवानी होती आणि विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचेंहि निधि जमविण्याचें भोजन होतें. पंगती आटोपेपर्यंत राज्य एक दिवस तसेंच राहिलें. १९९५ च्या नोव्हेंबरांत तर मानपानाचा प्रश्न उपस्थित झाला. इझ्राएलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून परततांना विमानांत राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आपल्याशीं बोलावयास आले नाहींत, आणि उतरतांना आपणांस मागच्या दारानें उतरविलें, या गोष्टीनेंहि आपला पवित्रा कडक झाला, असें सभापति न्यूट गिंग्रिच यांनीं पत्रकारांपाशीं बोलून दाखविलें. न्यूयॉर्कच्या एका दैनिकानें लागलीच त्यांचें चित्र लंगोट नेसलेल्या रडक्या बाळाच्या रूपांत पहिल्या पानावर छापलें. विहीणबाईंना गाडींत मागें बसविलें म्हणून आपल्याकडे लग्नें अडलेलीं आहेत. पण आठ लक्ष लोकांना घरीं बसविण्याइतका मोठा रुसवा आपल्या कोणाहि विहिणीला साधलेला नाहीं.

त्या तंट्याची दुसरी फेरी २१ दिवस चालून ६ जानेवारी १९९६ रोजीं संपली. दिवस शनिवारचा. सोमवारीं कामावर रुजू व्हावयाचें म्हणून मंडळी तयारीला लागते तों त्याच रात्रीं बर्फ पडूं लागलें, आणि तें इतकें पडलें कीं, सोमवारींहि वॉशिंग्टनच्या कचेऱ्या बंदच! मनुष्यांचें भांडण मिटलें, तेव्हां आकाश रुसलें.

आवश्यक कोण, अनावश्यक कोण

कुलूप लागलें म्हणजे सरकारी नोकरांचे दोन वर्ग पडतात. मनुष्याचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाशीं ज्यांचा संबंध ते आवश्यक. त्यांनीं नित्याप्रमाणें कामावर यावयाचें, पगार मात्र कुलूप निघाल्यावर. बाकीचे अनावश्यक, त्यांनीं घरीं बसावयाचें, आणि पगार त्यांनाहि नाहीं. सरकारी पत्रकांत हल्लीं याहून सौम्य शब्द योजतात. परंतु लोकांच्या तोंडीं जुनेच शब्द बसले आहेत. २०१८-१९ च्या ३५ दिवसांत सुमारें आठ लक्ष नोकर असे सांपडले. त्यांपैकीं निम्म्याहून कांहीं अधिक बिनपगारी कामावर, आणि उरलेले बिनपगारी घरीं. ज्या खुर्चीवर बसून ‘आपणांवांचून राज्याचा गाडा अडेल’ असें जन्मभर मानलें, त्याच खुर्चीवर ‘आपणांवांचून चालेल’ अशा अर्थाचें सरकारी पत्र यावें, याहून मोठा वैराग्याचा प्रसंग कोणता? आपल्याकडे एवढ्याच ज्ञानासाठीं लोक काशीपर्यंत जात.

अनावश्यकांनाहि पहिल्या दिवशीं चार तासांपर्यंत कचेरींत बोलावण्याची चाल आहे. कशासाठीं? तर काम व्यवस्थितपणें बंद करण्यासाठीं! एकदां तें बंद केलें म्हणजे मात्र त्याला पुन्हां हात लावावयाचा नाहीं. एखादा कर्तव्यदक्ष कारकून घरीं बसून, पदरचा वेळ खर्चून, कचेरीचें टपाल पाहूं म्हणेल तर त्यास मनाई आहे. कारण फुकट सेवा घेऊं नये, हा १८८४ चा निर्बंध. काम चुकविल्याबद्दल शिक्षा सांगणारीं राज्यें जगांत पुष्कळ आहेत. कामाची आवड हाच अपराध ठरविण्याचा मान या एका निर्बंधाला आहे.

ही आवश्यक-अनावश्यकाची चाळणी कोठवर जाते पाहा. २०१३ च्या ऑगस्टांत वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयांत पांडाच्या मादीला पिल्लूं झालें होतें, आणि पांडांच्या लीला लोकांना घरबसल्या पाहतां याव्यात म्हणून तेथें कॅमेरा बसविलेला होता. ऑक्टोबरांत टाळेबंदी आली. पांडांना बांबू घालणारे आवश्यक ठरले. पांडा दाखविणारा कॅमेरा अनावश्यक ठरून बंद झाला. लोक हळहळले; पांडांनीं मात्र या बाबतींत कोणतेंहि निवेदन काढलें नाहीं. त्याच आठवड्यांत दुसऱ्या महायुद्धांत लढलेले वृद्ध सैनिक आपल्याच पराक्रमाचें स्मारक पाहावयास राजधानींत आले, तों स्मारकाभोंवतीं अडसर! ऐंशीं-नव्वदींतल्या त्या वीरांनीं चाकांच्या खुर्च्यांवर बसून तो अडसर ओलांडला. प्रतिनिधिगृहाच्या सभासदांची व्यायामशाळा मात्र त्या काळांत उघडी होती. भांडावयाचें तर अंगांत बळ पाहिजे, हें खरेंच. सभासदांचें वेतनहि थांबत नाहीं. त्याची तरतूद कायमची करून ठेविलेली आहे. कोठी बंद असली तरी किल्लीवाल्यांच्या ताटांत भात पडावा, अशी ही योजना.

शून्य डॉलरांचा पगार

११ जानेवारी २०१९ रोजीं पगाराचा दिवस उगवला, तेव्हां कित्येक नोकरांच्या पगारपत्रकावर शून्याचा आंकडा होता. शून्याचा शोध आपल्या पूर्वजांनीं लावला याचा अभिमान त्या दिवशीं अमेरिकेंत कोणीं बाळगला नसावा. तत्पूर्वीं, डिसेंबरच्या अखेरीस, सरकारच्या नोकरवर्ग-कार्यालयानें आपल्या माणसांच्या सोयीसाठीं सावकारांना व घरमालकांना लिहावयाच्या पत्रांचे नमुने प्रसिद्ध केले होते. घरमालकाला लिहावयाच्या नमुन्यांत, भाड्याच्या कांहीं भागाऐवजीं रंगकाम किंवा सुतारकाम करून देण्याविषयीं बोलणीं करण्याची तयारी दर्शविलेली होती. एवढें बलाढ्य सरकार आपल्या कारकुनाला सांगतें कीं, भाडें नसेल तर घरमालकाची भिंत रंगवून दे. आणि हा सारा खटाटोप कशापायीं, तर एका भिंतीपायीं!

प्रपंच चालविण्याचें असें, तर प्रपंच मांडण्याचें काय? वॉशिंग्टन शहरांतील न्यायालयांचा खर्च केंद्र सरकार करतें, आणि विवाहाचा परवाना त्या न्यायालयाची कचेरी देते. कचेरी बंद म्हणून परवाना बंद, परवाना बंद म्हणून लग्न बंद. आपल्याकडे मुहूर्त काढतांना गुरु-शुक्रांचा अस्त पाहतात. तिकडील वधूवरांना खजिन्याचा अस्तहि पाहावा लागला. अखेर शहराच्या नगरसभेनें महापौरांस परवाने देण्याचा अधिकार देणारा तातडीचा कायदा केला, आणि त्याच्या नांवांतील इंग्रजी आद्याक्षरें जुळून ‘लव्ह’, म्हणजे प्रेम, हा शब्द व्हावा अशी खुबी साधली. सरकारी कागदावर प्रेम उमटल्याचें असें उदाहरण विरळाच.

त्याच महिन्याच्या १४ तारखेस विद्यापीठीय फुटबॉलचें राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलेला क्लेमसन विद्यापीठाचा संघ राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानीं पाहुणा म्हणून आला. मुदपाकखान्यांतील बरीच माणसें टाळेबंदीमुळें घरीं बसलेलीं. तेव्हां यजमान ट्रम्प यांनीं स्वतःच्या पैशानें बाजारांतून तयार हॅम्बर्गरांचे ढीग मागविले, आणि ते मेणबत्त्यांच्या झुंबरदार दीपदानांच्या उजेडांत, चांदीच्या तबकांतून पाहुण्यांपुढें मांडले. गृहिणी माहेरीं गेली असतां पाहुणे आले म्हणजे पुरुषमंडळी पाहुणचार कसा उरकतात, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. चांदीचीं तबकें काढण्याची हौस मात्र सर्वांनाच सुचत नाहीं.

एका घरांतला दरबार

आतां थोडें घरांत डोकावूं. वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँड व व्हर्जिनिया या संस्थानांत मराठी कुटुंबेंहि आहेत. त्यांपैकीं पतिपत्नी दोघेंहि सरकारी नोकरींत असलेलें एखादें कुटुंब केवळ कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. गृहस्थ देशांतील बेकारांची गणती करणाऱ्या खात्यांत, गृहिणी हवामानखात्यांत. ऑक्टोबर २०२५ उजाडला. वादळें कोणाच्या मंजुरीसाठीं थांबत नसल्यानें गृहिणी आवश्यक ठरली, गृहस्थ अनावश्यक. बेकार मोजणाराच घरीं बसला, आणि मोजावयास कोणी न उरल्यानें स्वतः त्या मोजणींत येण्याचेंहि टळलें. हा भाग मात्र कल्पनेचा नव्हे: ऑक्टोबर २०२५ मधील अमेरिकेच्या बेकारीचा दर त्या वेळीं मोजला गेला नाहीं, आणि मागाहूनहि काढतां आला नाहीं.

पहिले तीन दिवस गृहस्थांना सुट्टीसारखे गेले. चौथ्या दिवशीं त्यांच्यांतील अधिकारी जागा झाला, आणि त्यांनीं स्वयंपाकघराची पुनर्घटना हातीं घेतली. संध्याकाळीं गृहिणी कामावरून परतली ती थेट फोडणीलाच उभी राहिली.

‘‘अहो, मोहरीचा डबा कुठें गेला?’’

‘‘सगळे डबे वर्णानुक्रमानें लावले आहेत. ‘म’ मध्यें पाहा. मिरें झाल्यावर मेथी, मग मोहरी.’’

‘‘तोंवर तेल पेटेल त्याचें काय? तें ‘प’ मध्यें पाहूं का ‘त’ मध्यें?’’

आठवड्यानंतर घरांतल्या साखरेच्या खपाचा आलेख भिंतीवर लागला. दुसऱ्या आठवड्यांत दुधाच्या हिशेबांत तफावत निघून चौकशीसमिति नेमली गेली. समितींत अध्यक्ष, चिटणीस आणि साक्षीदार हे सर्व एकच गृहस्थ. तिसऱ्या आठवड्यांत दिवाळी आली. गृहिणी पहाटे उठून बिनपगारी कचेरींत जाई, आणि रात्रीं परतून चकलीचा सोऱ्या हातीं घेई. तिचे श्रम पाहून गृहस्थांचें अंतःकरण द्रवलें.

‘‘खरेंच गं, बिनपगारी काम करणें म्हणजे मोठी कठीण गोष्ट!’’

‘‘कोणतें म्हणतां? सकाळचें कीं संध्याकाळचें?’’ चकली मोडूं न देतां गृहिणी म्हणाली, ‘‘सकाळच्याची थकबाकी तरी मिळेल म्हणतात.’’

गृहस्थ निरुत्तर झाले. जें वर्गीकरण करावयास सरकारला एवढे वकील लागतात, तें घरांत किती पिढ्या विनातक्रार चाललें आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. आवश्यक, बिनपगारी, आणि थकबाकीचा कायदा नसलेला असा हा नोकरवर्ग कधीं कोणत्याहि गणतींत आला नव्हता.

तेवढ्यांत चिरंजीव शाळेंतला नवा शब्द घेऊन आले. ‘‘बाबा, अनावश्यक म्हणजे काय हो?’’

‘‘ज्याच्यावांचून चालतें तें, बाळ.’’

‘‘मग तुमच्यावांचून चालतें?’’

क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग कढईशेजारून उत्तर आलें, ‘‘नाहीं रे, मुळींच चालत नाहीं. सरकारला तें अजून कळलेलें नाहीं, इतकेंच.’’

हंसण्यापलीकडचें

इथवर हंसणें ठीक. परंतु घराचे हप्ते, विजेचें देयक आणि मुलांचें दूध यांना टाळेबंदी माहीत नसते. जानेवारी २०१९ मध्यें होसे आन्द्रेस या नामांकित बल्लवाचार्यानें वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया रस्त्यावर सरकारी नोकरांसाठीं मोफत अन्नछत्र उघडलें. हा रस्ता एका अंगास संसदभवनाला आणि दुसऱ्या अंगास राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानाला भिडतो. कालपर्यंत ज्यांच्या हातीं सरकारी शिक्के होते, तीं माणसें त्या दोन वाड्यांच्या मध्यें गरम जेवणाच्या रांगेंत उभीं राहिलीं. २०२५ च्या नोव्हेंबरांत तर ज्या अन्नसाहाय्यावर सुमारें ४ कोटि २० लक्ष लोक अवलंबून होते तेंच अडलें, आणि भाकरीचा प्रश्न न्यायालयांतून फिरूं लागला. भांडण माजघरांत आणि उपवास ओसरीवर, अशी ही स्थिति.

टाळेबंदीनंतर नोकरांना मागील पगार मिळावा असा कायदा २०१९ मध्यें झाला. पण २०२५ मध्यें घरीं बसलेल्यांना तो लागू आहे कीं नाहीं, अशी शंका खुद्द सरकारांतूनच निघाली, आणि अखेरच्या तडजोडींत पगाराची हमी पुन्हां लिहून घ्यावी लागली. कंत्राटदारामार्फत कचेऱ्या झाडणारे, पहारा देणारे, उपाहारगृहांत भांडीं घासणारे जे लोक आहेत त्यांना ही हमी नाहीं. त्यांचा बुडालेला रोज तो बुडालाच. बरें, यांतून कांहीं बचत होते म्हणावें तर तेंहि नाहीं. घरीं बसलेल्यांना शेवटीं न केलेल्या कामाचा पगार द्यावाच लागतो. २०१८-१९ च्या टाळेबंदीनें देशाचें ११ अब्ज डॉलरांचें उत्पन्न अडलें व त्यांपैकीं ३ अब्ज कायमचे बुडाले, असा अंदाज काँग्रेसच्याच अंदाजपत्रक-कार्यालयानें वर्तविला होता.

इतर देशांत असें कां घडत नाहीं? आपल्याकडे किंवा इंग्लंडांत खर्चाची मागणी लोकसभागृहानें नाकारली तर मंत्रिमंडळ घरीं जातें. कारकून आपल्या जागेवरच राहतो. शिवाय अंदाजपत्रकास अवधि लागणार असेल तर मधल्या काळापुरतें लेखानुदान घेण्याची सोय आपल्या राज्यघटनेच्या ११६ व्या कलमानें करून ठेविली आहे. महाराष्ट्रांतील सरकारी नोकरांनीं १९७७-७८ मध्यें ५४ दिवसांचा संप केला होता, हें जुन्या मंडळींस स्मरत असेल. पण त्या वेळीं नोकरांनीं काम सोडलें होतें, अमेरिकेंत कामच नोकरांना सोडून जातें. बेल्जियमची तऱ्हा याहून न्यारी. तेथें २०१० च्या निवडणुकीनंतर ५४१ दिवस नवें मंत्रिमंडळच जुळलें नाहीं. जुन्या मंत्र्यांनीं काळजीवाहू म्हणून कारभार पाहिला, महिन्या-महिन्याचा खर्च मंजूर होत गेला, आगगाड्या धावत राहिल्या, शाळा भरत राहिल्या. बेल्जियममध्यें मंत्र्यांची वाण पडली, पण सरकार चालू राहिलें. अमेरिकेंत मंत्री सर्व हजर, आणि सरकार बंद.

मग ही गांठ सुटते तरी कशी? २५ जानेवारी २०१९ चा दिवस पाहण्यासारखा आहे. पस्तीस दिवस भाषणें झालीं, चर्चा झाल्या, आणि कोणी माघार घेतली नाहीं. त्या सकाळीं विमानांच्या वाहतुकीचें नियंत्रण करणाऱ्या, महिनाभर पगाराशिवाय राबलेल्या लोकांपैकीं थोडेसे प्रकृतीच्या कारणानें कामावर आले नाहींत. न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारीं विमानें कांहीं काळ थोपवावीं लागलीं, आणि इतर विमानतळांवरहि खोळंबा झाला. त्याच दिवशीं तडजोड जाहीर होऊन कुलूप निघालें. राष्ट्राध्यक्ष, सभापति व दोन सभागृहें यांना जें साधलें नाहीं, तें ज्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत अशा मूठभर माणसांच्या रिकाम्या खुर्च्यांनीं साधलें. आवश्यक कोण, या प्रश्नाचा निकाल असा परस्परच लागला.

सरकारचीं पुष्कळशीं कामें घरांतल्या कामांसारखींच असतात. नीट चाललीं म्हणजे तीं दिसत नाहींत. माठांत पाणी आहे तोंवर तें कोणीं भरलें हें विचारण्याची कोणाला आठवण होत नाहीं. माठ कोरडा पडला म्हणजे मात्र सगळें घर एकदम ओरडतें. वादळाची सूचना वेळेवर आली, विमान सुखरूप उतरलें, डब्यांतलें अन्न निर्दोष निघालें, म्हणजे त्यामागें कोणी माणूस उभा होता हें आपण विसरतों. पुढल्या खंडेनवमीला अवजारांबरोबर तीं चालविणाऱ्या हातांनाहि एक फूल वाहावें. त्यांत आपल्या स्वयंपाकघरांतले हातहि आले. आणि कोठीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला आहेत त्यांना एवढेंच विनवावें कीं, बायांनो, बाबांनो, भांडण खुशाल करा. भांडणावांचून घर तें कसलें! पण आधीं तेवढे तांदूळ काढून द्या.